लग्नाच्या मांडवातून आलेला जॅझ

पारवा (धागाकर्ता)

इवो पापाझोव हे नाव इथे किती जणांनी ऐकलंय? जॅझच्या धाग्यांवर कोल्ट्रेन आणि माइल्सवर रकानेच्या रकाने भरतात, रॉकच्या धाग्यांवर फ्लॉइड की झेपेलिन ही कुस्ती अधूनमधून लागतेच. पण पूर्व युरोपातल्या स्लाव्ह देशांत लोकसंगीत, जॅझ आणि रॉक यांची जी सरमिसळ झाली, तिच्यावर शोधून एक धागा सापडला नाही. म्हणून हा.

पापाझोव १९५२ साली दक्षिण बल्गेरियातल्या कर्जाली इथे जन्मला. वाद्य क्लॅरिनेट. १९७४ मध्ये त्याने 'त्राकिया' नावाचा बॅन्ड काढला. सॅक्सोफोन, अकॉर्डियन, इलेक्ट्रिक गिटार, बेस, ड्रमसेट आणि अर्ध्या गावाला ऐकू जाईल असे कर्णे. वाजवायचा कुठे, तर लग्नांत. तिथली लग्नं दिवसभर, कधी त्याहून जास्त चालायची. आधी जेवणाच्या टेबलांवर ऐकायची संथ, बिनतालाची गाणी, मग हातात हात धरून 'होरो' नाच, तो तासन् तास. नाचणारे थांबत नाहीत म्हटल्यावर वाजवणाऱ्यालाही थांबता येत नाही. मूळ धून आहेच किती मोठी? चार-सहा आवर्तनांत संपते. मग पुढे उपज करावीच लागते. पापाझोवने ही उपज जॅझवाल्यांसारखी लांबवली. उलटसुलट अर्धस्वर, अचानक दुसऱ्या पट्टीत उडी, आणि वेग असा की सगळा बॅन्ड एका सुरात पळत असताना कुठे श्वास घेतात तेच कळत नाही. याला तिथे 'स्वात्बार्स्का मुझिका' म्हणतात, लग्नाचं संगीत. लोक म्हणे आधी बॅन्डची तारीख धरायचे, मग लग्नाची. शनिवार-रविवार मिळाला नाही तर मधल्या वारी लग्न.

सरकारला हे पसंत नव्हतं. समाजवादी बल्गेरियाचं स्वतःचं अधिकृत लोकसंगीत होतं. फिलिप कुतेव या संगीतकाराने १९५१ मध्ये सरकारी लोककला पथक उभं केलं, खेड्यातल्या बायका निवडून आणल्या, त्यांची गाणी अनेक आवाजांत बांधली. ते काम सुंदरच आहे. पुढे 'ल मिस्तेर दे व्वा ब्युल्गार' या नावाने तशाच समूहगानाच्या रेकॉर्डनी जग वेडं केलं. पण त्यात वाजवणाऱ्याने मनचं काही करायचं नाही. लग्नाचे बॅन्ड या सगळ्याच्या बाहेर होते, आणि ते वाजवणारे बरेचसे रोमा (म्हणजे जिप्सी) किंवा तुर्क. १९८४-८५ च्या हिवाळ्यात सरकारने देशातल्या तुर्कांना सक्तीने बल्गेरियन नावं घ्यायला लावली, तुर्की आणि रोमा संगीतावर बंदी आणली. पापाझोव स्वतः तुर्की-रोमा घरातला, मूळचा इब्र्याम. तोही तुरुंगात जाऊन आला. आणि त्याच काळात, १९८५ मध्ये, स्ताम्बोलोवो गावी याच बॅन्डांचा सरकारमान्य महोत्सवही भरवला गेला, तज्ज्ञ मंडळींनी कार्यक्रम तपासून! म्हणजे बंद करता येत नाही, तर निदान धुऊन तरी घ्यावं.

जो बॉइड या निर्मात्याने त्याची 'ऑर्फिअस असेन्डिंग' (१९८९) आणि 'बाल्कनॉलॉजी' (१९९१) ही दोन ध्वनिमुद्रणं बाहेर आणली. हा तोच बॉइड, ज्याने पिंक फ्लॉइडचं पहिलं सिंगल ध्वनिमुद्रित केलं होतं. दोन्ही ऐकाच. दुसरं आधी ऐका.

माझं मत आधीच सांगून टाकतो, भांडायला सोपं जाईल. लोकधून घेऊन तिच्याखाली चारचा ठोका आणि दोन गिटारी ठेवल्या की काम भागत नाही. पापाझोवच्या बॅन्डमध्ये ताल गावचा आहे तसाच आहे, आणि सॅक्सोफोनवाल्याला तो शिकावा लागतो. ज्यांनी ज्यांनी हे उलट केलं त्यांची गाणी चालली खूप, पण दुसऱ्यांदा ऐकवत नाहीत.

---

तिरकिट

वा! तबलेवाल्यांसाठी पर्वणी आहे हा विषय. तालाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढच्या प्रतिसादावर उडी मारा.

बल्गेरियन ताल छोट्या-मोठ्या ठोक्यांचे बनतात. छोटा ठोका दोनाचा, मोठा तीनाचा. आपल्या बोलांत 'तक' आणि 'तकिट'. एवढं धरलं की बाकी सगळं उलगडतं.

पायदुश्को, पाच: तक तकिट
राचेनित्सा, सात: तक तक तकिट
दायचोवो, नऊ: तक तक तक तकिट
कोपानित्सा, अकरा: तक तक तकिट तक तक
बुचिमिश, पंधरा: तक तक तक तक तकिट तक तक

मॅसेडोनियात सातच्या तालाची दुसरी जात आहे, 'लेस्नोतो'. मोठा ठोका आधी: तकिट तक तक. ३+२+२. आता म्हणा, ती ती ना, धी ना, धी ना. विभाग हुबेहूब आपल्या सात मात्रांच्या रूपक तालाचे! 'योव्हानो योव्हान्के' हे मॅसेडोनियन लोकगीत लावा आणि खुशाल रूपक धरा, गाडी कुठेही अडखळत नाही.

पण साम्य इथेच संपतं. रूपकात समेलाच, म्हणजे पहिल्याच मात्रेला, 'खाली' (बिनटाळीची मात्रा) आहे, ते कोडं त्यांच्याकडे नाही. आपण सात मात्रा सारख्या अंतराने मोजतो. ते तीनच ठोके मोजतात, त्यातला एक लांब. राचेनित्सा पूर्ण वेगात असते तेव्हा सात मोजायला जाल तर जीभ अडकेल. तिथे 'तपान' नावाचा मोठा ढोल असतो, गळ्यात अडकवलेला. एका तोंडावर जाड काठी, दुसऱ्यावर बारीक छडी. जाड काठी मुख्य ठोके दाखवते, छडी मधली सगळी बारीक भरती करते. लग्नाच्या बॅन्डमध्ये हेच काम ड्रमसेटवर गेलं, जाड काठीचं बास ड्रमवर आणि छडीचं स्नेअर व हाय-हॅटवर. पापाझोव ऐकताना क्लॅरिनेट सोडा, एकदा फक्त बास ड्रमकडे कान द्या.

---

खवट_शेंगदाणा

लेख चांगला. पण हे 'फ्यूजन' प्रकरण मला कायम शंकास्पद वाटत आलंय. युगोस्लाव्हियातलं उदाहरण घ्या. सारायेवोचा 'बियेलो दुग्मे' हा बॅन्ड, १९७४ पासूनचा, गोरान ब्रेगोविच गिटारवर. हार्ड रॉकमध्ये मेंढपाळी धुनी घालायचे. तिथल्याच टीकाकारांनी 'मेंढपाळी रॉक' म्हणून टर उडवली. १९७७ मध्ये बेलग्रेडच्या 'हायदुच्का चेस्मा'ला यांच्या फुकट कार्यक्रमाला दशसहस्रांनी लोक लोटले. म्हणजे टीकाकार एकीकडे, पब्लिक दुसरीकडे.

आणि १९८८ चं त्यांचं 'जुर्जेवदान' हे गाणं? ते रोमांच्या 'एदेरलेझी' या पारंपरिक गाण्यावरून. पुढे सिनेमे, लग्नाचे बॅन्ड, जगभर वाजलं. रॉयल्टी कुणाच्या घरी गेली, आणि ज्यांचं गाणं त्यांच्या हाती काय आलं? सरमिसळीचं कौतुक करणाऱ्यांनी हा हिशेबही मांडावा.

---

पारवा

@खवट, हिशेब मांडायलाच हवा, मान्य. पण दुग्मेला एकदम निकालात काढू नका. सुरुवातीची गाणी माझ्या मते त्या उलट्या पद्धतीचीच आहेत, रॉक आधी आणि गाव चवीपुरतं. तुलनेला मॅसेडोनियातल्या स्कोप्येचा 'लेब ई सोल' घ्या. १९७६ चा बॅन्ड, गिटारवर व्लात्को स्तेफानोव्स्की. तेही इलेक्ट्रिक, तेही रॉक. पण सातचा ठोका तसाच ठेवून त्यावर जॅझ-रॉकची गिटार. ऐकताना कुठेही डिंकाने चिकटवल्यासारखं वाटत नाही. याच स्तेफानोव्स्कीने मिरोस्लाव्ह तादिचबरोबर केलेला 'क्रुशेवो' (१९९८) हा निव्वळ दोन गिटारींचा अल्बम रात्री निवांत ऐका. ड्रम नाहीत, तरी ताल कुठे हरवत नाही.

@तिरकिट, दंडवत स्वीकारा. मूळ लेखात हे सगळं घालायची माझी हिंमत नव्हती.

---

जुना_रेडिओ

उशिरा येतोय. या वयात मोबाइलवर टंकन म्हणजे शिक्षा.

पारवा, तुमच्या यादीत एक नाव राहिलं, मिल्चो लेव्हिएव्ह. प्लोव्दिवचा, जन्म १९३७, पियानोवाला. पापाझोवच्याही आधी, १९६० च्या दशकात, हा बल्गेरियन रेडिओच्या बिग बॅन्डसाठी गावचे ताल जॅझमध्ये बांधत होता. 'ब्ल्यूज इन नाइन' ऐका. ब्ल्यूजचाच साचा, पण चाल नवाची. १९७० मध्ये त्याने देश सोडला आणि अमेरिकेत डॉन एलिसच्या वाद्यवृंदात गेला.

आता हा डॉन एलिस कोण? ट्रम्पेटवाला, विषम तालांचं ज्याला व्यसन होतं असा. त्याच्या एका रचनेचं नावच '३३ २२२ १ २२२', बेरीज करा, एकोणीस भरते. हे वेड त्याला लागलं कुठून, तर बरंचसं हरिहर राव यांच्याकडून. राव हे पंडित रविशंकर यांचे शिष्य, लॉस एंजेलिसला शिकवायचे. १९६० च्या दशकात दोघांनी मिळून 'हिंदुस्तानी जॅझ सेक्सटेट' काढला होता. पुढे लेव्हिएव्ह आला तेव्हा एलिसचा बॅन्ड या तालांना सरावलेला होता. १९७१ चा 'टीअर्स ऑफ जॉय' मिळवा, त्यात 'बल्गेरियन बल्ज' आहे. आणि १९७३ च्या 'सोअरिंग'मध्ये खुद्द लेव्हिएव्हची 'स्लादका पित्का'. थोडक्यात, बल्गेरियन पियानोवाला अमेरिकेत पोचला तेव्हा त्याच्या आधीच आपला तिहाई-आवर्तनाचा हिशेब तिथे जाऊन बसला होता.

जॅझ पियानोवाला डेव्ह ब्रुबेकचंही तेच. १९५८ साली त्याची चौकडी अमेरिकन सरकारतर्फे पोलंड, तुर्कस्तान करत भारतात आली. मुंबईत उस्ताद अब्दुल हलीम जाफर खान यांच्या सतारीबरोबर बसला. इस्तंबूलच्या रस्त्यावर ऐकलेल्या नवाच्या ठोक्यावरून 'ब्लू रोन्दो' झालं, २+२+२+३. तिरकिटरावांच्या यादीतला दायचोवोच तो. मी त्या वेळी पाळण्यात होतो, नाहीतर गेलो असतो. पुढे १९७८ पासून रंगभवनला जॅझ यात्रा सुरू झाली तेव्हा मात्र भरपाई केली.

---

सोलकढी

काका, तुमचे प्रतिसाद असे आले की काम बाजूला ठेवावं लागतं.

थोडं अवांतर, पण इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर जी सोन्याची तबकडी गेली, तिच्यात बल्गेरियाच्या रोदोपे पर्वतातल्या वाल्या बाल्कान्स्काचं 'इझलेल ये देल्यो हायदुतिन' आहे, साथीला दोन गायदा, म्हणजे तिथल्या कातडी पिशवीच्या पिपाण्या. आणि त्याच तबकडीवर आमच्या गोव्याच्या केरीच्या केसरबाई केरकर, भैरवीतलं 'जात कहाँ हो'. दोन्ही पाठोपाठ ऐकून बघा. बाल्कान्स्काचा तो छातीतून येणारा, न थरथरणारा, डोंगरावरून समोरच्या डोंगरावर फेकलेला आवाज! यात जॅझ नाही, रॉक नाही, कबूल. पण नंतर ज्यांनी ज्यांनी स्लाव्ह लोकसंगीत गिटारीबरोबर ठेवलं, त्यांना आधी या आवाजाशी जमवून घ्यावं लागलं.

१९८९ च्या 'द सेन्शुअल वर्ल्ड'मध्ये केट बुशने त्रिओ बुल्गार्का या तिघींना घेतलं तेही याच आवाजासाठी.

---

नदीपल्याड

व्हिएन्नाहून. इथे बाल्कनची माणसं भरपूर, त्यामुळे हे संगीत इथे रेकॉर्डमध्ये कमी आणि सभागृहांत जास्त भेटतं.

एका बल्गेरियन मंडळाच्या होरोच्या वर्गाला जाते. शिकवणारी बाई दिवसा कुठल्याशा कचेरीत हिशेब बघते. पहिल्याच दिवशी तिने बजावलं, मोजायचं नाही. सगळे एकमेकांचे हात धरून ओळीत, टोकाला असलेला पुढे नेतो. कोपानित्साला पायांचा क्रम असतो: झटपट, झटपट, ला-ंब, झटपट, झटपट. तो लांब ठोका आला की पाय नुसता टेकवायचा नाही, गुडघ्यातून किंचित दबायचं आणि मग सुटायचं. मी डोक्यात अकरा मोजत होते तोवर दर वेळी शेजारणीच्या पायावर पाय. बाईने संगीत बंद केलं आणि नुसता ढोल लावला. मग जमलं. तिरकिट म्हणतात तो बास ड्रमचा सल्ला सोळा आणे खरा आहे.

@खवट, आधी धाग्यातल्या 'स्लाव्ह' या शब्दाबद्दल, मग तुमच्या सरमिसळीच्या शंकेबद्दल. पापाझोव वंशाने स्लाव्ह नाही, हे पारवांनी लिहिलंच आहे. त्याच्या बॅन्डमधला सॅक्सोफोनवाला युरी युनाकोव तोही रोमा, आधी मुष्टियोद्धा होता! तो १९९४ मध्ये न्यूयॉर्कला गेला आणि २०११ मध्ये अमेरिकन सरकारने त्याला पारंपरिक कलांसाठीची राष्ट्रीय फेलोशिप दिली. ज्या देशाने नाव बदलायला लावलं त्याच देशाच्या गावांचं संगीत त्याने तिकडे जाऊन रुजवलं. रोमा वाजवणारे बल्गेरियन, तुर्की, रोमा, सगळ्यांच्या लग्नांत वाजवायचे, त्यामुळे सगळ्यांच्या धुनी त्यांना पाठ. सरमिसळ त्यांच्याकडे पोटापाण्याची गरज म्हणून होती, कलेचा प्रयोग म्हणून नंतर.

---

खवट_शेंगदाणा

युनाकोवचं माहीत नव्हतं. ऐकतो.

पण हे सगळं बाल्कन झालं. पोलंड-युक्रेनकडे काय? तिकडून तर मला फक्त युरोव्हिजन या गाण्यांच्या स्पर्धेचा चकचकाट दिसतो.

---

पारवा

पोलंडमध्ये जॅझ आधीपासून जबरदस्त. झ्बिग्नियेव नामिस्वोव्स्कीचं 'कुयाव्याक गोज फंकी' (१९७५) ऐका. कुयाव्याक म्हणजे तीनच्या चालीचा संथ नाच, त्याला या सॅक्सोफोनवाल्याने फंकमध्ये नेलं. नंतर ताट्रा डोंगरातल्या, झाकोपानेच्या फिडलवाल्यांबरोबरही त्याने वाजवलं.

वेगळ्या वाटेचा म्हणजे 'वॉर्सा व्हिलेज बॅन्ड', १९९७ पासून. यांनी 'सुका' नावाचं विस्मरणात गेलेलं वाद्य पुन्हा वाजतं केलं. तार बोटाने पट्टीवर दाबायची नाही, नखाने बाजूने अडवायची, आपल्या सारंगीवाल्यांसारखी. सोबत उघड्या गळ्याचा आवाज, ज्याला ते 'पांढरा आवाज' म्हणतात. जॅझ फारसा नाही, पण ढोल आणि चेलो मिळून रॉकचा दणका बरोबर काढतात.

युक्रेनचा 'दाखाब्राखा' मात्र चकचकाटातला नाही. २००४ मध्ये कीवच्या 'दाख' नाट्यगृहात, नाटकासाठी संगीत हवं म्हणून जमलेली चार माणसं. उंच लोकरी टोप्या, अकॉर्डियन, ढोल, आणि गिटारीच्या जागी चेलो. ती चेलोवाली नीना हारेनेत्स्का कधी गजाने खर्ज धरते, कधी तारा छेडून बेस वाजवते. यांच्या मैफिलीचं ध्वनिमुद्रण बघताना माझं निम्मं लक्ष तिच्या उजव्या हाताकडेच असतं. गाणी जुनी, गावागावांतून गोळा केलेली. ते स्वतः आपल्या संगीताला 'एथनो-केऑस' म्हणतात.

---

सोलकढी

युरोव्हिजनला इतकं नाक मुरडू नका हो. २०२१ ला 'गो_ए'चं 'शूम' पाचवं आलं. वसंतातल्या जुन्या खेळगाण्यावरून केलेलं, बासरीसारखी सोपिल्का, खाली यंत्राचा ठोका, आणि लय चढत चढत जाते. कातेरीना पाव्लेन्को त्या 'पांढऱ्या आवाजात' सरळ कॅमेऱ्यात बघून गाते. तीन मिनिटांची मर्यादा असलेल्या स्पर्धेत याहून जास्त काय करणार?

---

खवट_शेंगदाणा

आत्ताच बघितलं. शेवटची चढती लय भारी आहे, एवढं देतो. तरी खालचा ठोका चारचाच. पारवांच्या कसोटीवर नापास!

---

पारवा

नापास नाही. ते मूळ खेळगाणं मुळात सातचं नाहीच, मग सातचा ठोका आणायचा कुठून? माझी कसोटी विषम तालाची नाही. गाण्याची स्वतःची जी मोड आहे ती ठेवली का, एवढीच.

---

दहीबुत्ती

नवी आहे इथे. जॅझ फारसं कळत नाही, ताल तर अजिबात नाही. पण वाचून उत्सुकता वाटते. सुरुवात कुठून करू?

---

जुना_रेडिओ

दहीबुत्ती, कळण्याची अट नाही. दाखाब्राखापासून सुरू करा, तिथे जॅझ कळायची गरजच पडत नाही. मग थेओदोसी स्पासोव ऐका. हा कावालवाला. कावाल म्हणजे तिरकी धरून वरच्या टोकाच्या कडेवर फुंकायची लांब बासरी. हा फुंकता फुंकता गळ्यातून गुणगुणतो, त्यामुळे सुराला एक खरखर येते. कोतेलच्या लोकसंगीत शाळेत शिकला, आणि कावाल जॅझमध्ये नेणाऱ्यांत याचं नाव पहिलं घेतात. पापाझोव तिसऱ्या दिवशी. पहिल्याच दिवशी ऐकलात तर घाबराल.

दुश्को गोयकोविचचा 'स्विंगिंग मॅसेडोनिया' (१९६६) मात्र कधीही चालतो. ट्रम्पेट गोड आहे, चहाबरोबर ऐका.

---

नदीपल्याड

काका, झेक राहिले! पियानोवाला एमिल विक्लिकी आणि बेसवाला जॉर्ज म्राझ यांचा 'मोराव्हा' (२००१). झुझाना लाप्चिकोव्हा मोरावियन लोकगीतं गाते आणि सिम्बालोमही वाजवते. सिम्बालोम म्हणजे संतूरच्या कुळातलं, काठ्यांनी वाजवायचं वाद्य. इथे सगळं हळू, मोकळं. लोकगीताभोवती पियानो फिरत राहतो, गाण्याला हात लावत नाही. दहीबुत्तींना हे पापाझोवच्या आधी द्या.

---

दहीबुत्ती

सगळ्यांचे आभार. वाचनखूण साठवली. 'मोराव्हा' लावलंय, घरातल्यांनी अजून तक्रार केलेली नाही.

---

तिरकिट

जाता जाता पखवाज-तबलावाल्यांसाठी गृहपाठ. 'सान्दान्स्को' नावाचा होरो आहे, बावीसाचा. नऊ आणि तेरा असे दोन तुकडे जोडलेले:

तक तक तक तकिट | तक तक तक तकिट तक तक

मी दोन दिवस हाताने टाळी धरून बसलोय. पहिला तुकडा गेला की दुसऱ्यातही तकिट नंतर सम आली असं वाटतं आणि शेवटचे दोन तक हमखास निसटतात. यात चक्रदार बसवून दाखवणारा कोणी असेल तर बोल इथेच टंका. नदीपल्याड, तुमच्या बाईंना विचारा, या शेवटच्या दोन तकांना पाय कुठे असतात?

---

नदीपल्याड

गुरुवारी वर्ग आहे, विचारून सांगते.